केणीदादा आणि आयचे दोन दात

गेल्या महिन्यात माझ्या एका दाताने असहकार पुकारला. पडला नाही, पण हिरडीपाशी झिजून त्याला खाच पडली आणि थंड पाणी लागलं की माझ्या तोंडून असा काही आवाज निघायचा की बायको आतून विचारायची, "कोण आलंय?" शेवटी दवाखान्यात जाऊन खुर्चीवर आडवा झालो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गालाच्या आत कापसाच्या दोन सुरळ्या सारल्या आणि म्हणाले, "घाबरू नका काका, ग्लास आयोनोमर भरून टाकू. पाच मिनिटांचं काम."

मला हसू फुटलं. तोंड उघडं, त्यात कापूस, वर दिवा आणि मी गदगदा हसतोय. डॉक्टर हातातलं थांबवून माझ्याकडे बघत राहिले. आजवर त्यांच्या खुर्चीत रडलेली माणसं खूप झाली असतील, हसलेला मी पहिलाच असावा. कापसामुळे कारण सांगता येईना. घरी येऊन सांगायला गेलो तर मुलगी म्हणाली, "बाबा, केणींची गोष्ट ना? पाठ आहे." त्यामुळे आता ती ज्यांना पाठ नाही त्यांना सांगतो.

आयोनोमर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दवाखान्यात नव्हे, तर वागळे इस्टेटमधल्या एका प्लॅस्टिक फिल्मच्या कारखान्यात. आणि ज्याने तो उच्चारला त्याच्या पुढच्या दातांत त्या वेळी पिशवीचा एक तुकडा होता.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी रसायनशास्त्राचा पदवीधर होतो, म्हणजे विद्यापीठाचं तसं म्हणणं होतं. मुलाखतीत मला दोन प्रश्न विचारले गेले, आणि माझी उत्तरं ऐकून त्यांनी मला लॅबऐवजी स्टोअरमध्ये नेमलं. लॅबमध्ये मधुकर केणी होते. लॅबचे इन्चार्ज तेच, असिस्टंट तेच आणि टेबल पुसणारेही तेच. सगळे त्यांना केणीदादा म्हणत. ते मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. प्रिंटिंगवाल्याला "ए शाई", डिस्पॅचवाल्याला "ए टेम्पो" आणि मला "ए स्टोअर". माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं नाव वाचून त्यांनी हा कोण म्हणून विचारलं होतं.

काटक अंग, जाळं फेकणाऱ्याचे खांदे आणि शर्टाचा खिसा कायम फुगलेला. खिशात सील करून पाहिलेल्या फिल्मच्या पट्ट्या असत. प्रत्येक पट्टीवर पेनाने नंबर. त्या पट्ट्या विसरून शर्ट धुण्यात जायचा, वहिनी वैतागायच्या, आणि दादा दुसऱ्या दिवशी आनंदाने सांगत येत की अमुक नंबरचं सील साबणाच्या पाण्यातही सुटलं नाही. लॅबमध्ये फिल्म ताणून तोडायचं मशीन होतं, ते अगदी बारीक आकडा दाखवायचं. दादांचा त्यावर विश्वास होता, पण पहिला मान दाताचा. फिल्मचा कोपरा पुढच्या दातांत धरायचा, हाताने ओढायचा, डोळे मिटायचे आणि मग मान डोलवायची. म्हणायचे, "मशीन ताकद सांगतं रे स्टोअर, दात स्वभाव सांगतो."

माणूस खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. बाप मासेमारी करायचा. मुलाने शाळेच्या सुट्ट्या जाळ्याला गाठी मारण्यात घालवल्या आणि मग शिष्यवृत्तीवर रसायन शिकला. त्यामुळे त्याला जगातलं सगळं रसायन जाळ्यातूनच दिसायचं. आयोनोमर या नव्या प्लॅस्टिकचा नमुना म्हणून दाण्यांची पहिली गोणी परदेशातून आली, तेव्हा ती उघडायला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. दोरा असा सोडवला की जणू सत्यनारायणाचा प्रसाद आहे. आत साबुदाण्यासारखे पारदर्शक दाणे. माझ्या ओंजळीत चार घातले. ते तोंडात टाकायचे की काय, या विचारात मी होतो.

"हे साधं पॉलिथिन," म्हणत त्यांनी डब्यातल्या शेवया दाखवल्या. "लांब लांब धागे, एकमेकांवर लोळत पडलेले. ओढलेस की सुटले. आणि हे जाळं. धागा जवळपास तोच, पण मधून मधून त्याला आम्लाचे हात फुटलेत. दोन धाग्यांचे हात आणि मधे सोडियमचा नायतर जस्ताचा एक कण, दोघांना धरून बसलेला. ती गाठ. तापवलंस की गाठ ढिली पडते, वाट्टेल तो आकार दे. गार झालं की आपली आपण पुन्हा बसते. आमच्या बाबाला अशी गाठ गावली असती तर मी पोरपणी क्रिकेट खेळलो असतो."

मग दाणे उचलून उजेडात धरले आणि जे वाक्य पुढे मी हजार वेळा ऐकलं ते म्हणाले, "चिकटलं नाय हे. बांधलंय."

हे वाक्य ते कशालाही लावत. चांगल्या सीलला, जुन्या मैत्रीला, युनियनच्या समझोत्याला. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला स्टेजवर आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हे चिकटलेलं नाय बरं का, बांधलंय." तिला वाटलं माझ्याबद्दल काहीतरी सूचक बोलतायत. तिने मला त्यावर हनिमूनभर प्रश्न विचारले.

या मालाचं कौतुक सांगायला त्यांना कुणीही चालायचं. एकदा कुठून तरी गोल्फचा चेंडू पैदा केला. त्यावरचं साल आयोनोमरचं असतं, कितीही हाणा, चिरत नाही, हे आम्हाला दाखवायचं होतं. चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं, चेंडू लॅबच्या फरशीवर ठेवला आणि वर हातोडा घातला. चेंडू चिरला नाही हे खरं. तो फरशीवरून छताला, छतावरून कपाटाला आणि तिथून खिडकीबाहेर गेला. शेजारी पाने बनवणारा कारखाना होता, नट पिळायचे पाने. थोड्या वेळाने तिथला फोरमन चेंडू तळहातावर घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "केणी, तुमच्या कोंबडीने आमच्या पत्र्यावर अंडं घातलंय." दादांनी चेंडू उलटसुलट करून पाहिला आणि आनंदाने ओरडले, "बघा, ओरखडा तरी आहे का?" पत्र्याची चौकशीही केली नाही.

पण कारखान्यात आयोनोमर खरा रुजला तो जवळ्यामुळे.

दादांची आई, जिला सगळा कोळीवाडा आय म्हणायचा, सुके बोंबील, सोडे आणि जवळा विकायची. तिची गिऱ्हाइकं पार डोंबिवलीपर्यंत. त्यांची एकच तक्रार, पिशवीतून वास येतो. दादांनी कारण शोधलं. जवळ्याच्या मिशा आणि बोंबलाचे काटे साध्या पिशवीला टोचतात, आणि तोंड बंद करताना मधे सुक्या मासळीची पूड आली की सील धरतच नाही. आयोनोमर दोन्हीला पुरून उरणारा. काटा टोचत नाही आणि मधे पूड असो, तेल असो, गाठ बसते ती बसतेच. त्यांनी बाहेर पॉलिएस्टर, मधे फॉईल आणि आत आयोनोमर अशी फिल्म तयार करून शेठना सांगितलं की मासळी भरून चाचणी घ्यायची आहे.

आमचे शेठ कांदा-लसूणही न खाणारे. त्यांनी हात जोडले. कारखान्यात काय वाट्टेल ते करा, पण मच्छी येणार नाही, आणि आलीच तर मला दाराबाहेरून वास कळेल, असं म्हणाले.

दादांनी हे आव्हान म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून जवळा भरून आणलेली एक सीलबंद पिशवी माझ्या हातात ठेवली. सील करताना मुद्दाम तोंडाला पूड फासली होती. कचेरीची स्टेशनरी माझ्या ताब्यात, त्यामुळे शेठच्या टेबलाच्या खणाची किल्ली माझ्याकडे असायची. मी पिढ्यानुपिढ्यांचा शाकाहारी, नोकरी लागून वर्ष झालेलं, आणि मालकाच्या खणात, लेटरहेडच्या गठ्ठ्याखाली, जवळा ठेवतोय. ठेवून झाल्यावर खण नीट बंद झाला का ते तीनदा ओढून पाहिलं.

आठ दिवस शेठ त्या खणातून कागद काढत होते, आत ठेवत होते. आठ दिवस मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. नवव्या दिवशी दादा मला घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले, त्यांच्यासमोर खण उघडला, पिशवी बाहेर काढली आणि आत काय आहे ते सांगितलं. शेठनी पिशवीकडे पाहिलं, खणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या तिसऱ्या पाहण्यात माझी बडतर्फी मला स्वच्छ दिसली. मग त्यांनी वाकून, नाक पिशवीला जवळजवळ लावून, एक दीर्घ श्वास घेतला.

"काही नाही येत," ते म्हणाले. आवाजात राग शोधत होते, पण सापडत नव्हता.

"येणार नाय शेठ. बांधलंय."

शेठनी तीनदा हात धुतले, टेबल बदलून घेतलं आणि लोणची-मसाल्यांसाठी हीच फिल्म काढायला सांगितली. दादांना बढती मिळाली. मला जुनं टेबल.

आता आयबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्या दोन दातांचं आहे.

मासळी विकणं हे तिचं सकाळचं काम. खरी तिची ओळख जाळ्याची. वाड्यात कुणाचंही जाळं फाटलं की आयच्या ओटीवर यायचं. ती पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून बसायची, दोन्ही हातांनी गाठ मारून आवळून धरायची आणि उरलेला धागा वरच्या पुढच्या दोन दातांनी तोडायची. टक. सुरी का नाही घेत, असं मी एकदा विचारलं होतं. तिने माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "सुरी घ्यायला हात सोरला का गाठ ढिली परते. देवानं दात कनाला दिलेत?"

हेच दोन दात हिरडीपाशी झिजून गेले होते. सकाळ-संध्याकाळ मिश्री, तीही बोटाने, सगळा जोर लावून, पन्नास वर्षं. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीने घाव घालावा तशा खाचा. गार पाणी लागेना, वारा सोसेना, आणि धागा तोडायला गेली की डोळ्यांत पाणी. ठाण्यातल्या एका डॉक्टरने दात काढून कवळी बसवायला सांगितलं. कवळीने धागा तुटत नाही, हे आयने वाड्यातल्या तीन म्हाताऱ्यांकडून आधीच काढून घेतलं होतं. तिने डॉक्टरला नकार दिला आणि जाळ्यांनाही. ओटीवर फाटक्या जाळ्यांचा ढीग साठला. लोक दुसरीकडे न्यायला यायचे, तर ती नेऊ द्यायची नाही. नुसती त्या ढिगाजवळ बसून राहायची.

दादा लॅबमध्ये गप्प झाले. हे इतकं विचित्र होतं की शेठनी दोनदा येऊन तब्येत विचारली.

आणि मग एका दुपारी ते स्टोअरमध्ये धावत आले. हातात परदेशी कंपन्यांकडून येणाऱ्या माहितीपत्रकांपैकी एक, तेही उलटं धरलेलं. "स्टोअर, दातात भरायचं एक सिमेंट आहे. काचेची पूड आणि आम्लाचं पाणी. आम्ल कुठलं माहीत आहे? लांब साखळीचं. आपलंच गोत्र. काचेतून कॅल्शियम, ॲल्युमिनियम सुटतं आणि गाठी बसतात. आणि पुढचं ऐक. दातात काय असतं? कॅल्शियमच. म्हणजे ते दातालाच गाठ मारतं. कोरायला नको, भोक पाडायला नको. अरे, चिकटत नाय ते."

पुढचं मीच म्हटलं. त्यांनी मला मिठी मारली.

डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर डॉ. मेधा टिपणीस यांनी नुकताच दवाखाना काढला होता. माझ्या ओळखीचा उपयोग व्हावा अशी ती आयुष्यातली एकमेव वेळ. दादा रविवारी प्रश्नांची यादी घेऊन आले. डॉक्टरांकडे ते सिमेंट होतं, त्या ते लहान मुलांच्या दातांत वापरायच्या. त्यांनी कागदाच्या गुळगुळीत पॅडवर पूड आणि द्रव घेऊन प्लॅस्टिकच्या चमच्याने भराभर कालवून दाखवलं. स्टीलच्या चमच्याने काचेची पूड धातू खरवडते आणि सिमेंट काळवंडतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ही चकाकी आहे ना, ती आहे तोवरच दातावर ठेवायचं. चकाकी गेली की धरत नाही."

दादा खुर्चीतून उठलेच. "बरोबर आहे ताई. चकाकी आहे म्हणजे आम्लाचे हात अजून मोकळे आहेत. उशीर केला तर ते एकमेकांनाच धरून बसणार, दाताला धरायला हात उरणार नाय."

डॉक्टरांनी शिकताना हे वाचलं असणार, पण असं कुणी सांगितलं नसावं. त्या दादांकडे बघत राहिल्या आणि मग विचारलं, "तुमचे पुढचे दात दाखवा जरा." दात पाहून त्यांनी ताकीद दिली की फिल्म चावणं आजपासून बंद. दादांनी अगदी मनापासून हो म्हटलं. जाताना मात्र डॉक्टरांकडून काढलेल्या दातांची एक बाटली आणि थोडं सिमेंट मागून घेतलं.

पुढचा आठवडा आमच्या लॅबमध्ये दातांचा होता. दादा दाताला सिमेंट लावायचे, सिमेंटात खिळा रोवायचे आणि फिल्म तोडायच्या मशीनमध्ये धरून ओढायचे. पहिले सगळे निघाले. पंख्याखाली वाळत ठेवल्यामुळे सिमेंटला तडे गेले होते. मग त्यांच्या लक्षात आलं की याला कोरडेपणाही सोसत नाही आणि बसताना पाणीही सोसत नाही. दात ओलसर ठेवून नुसता टिपायचा, सिमेंट बसेपर्यंत थुंकी लागू द्यायची नाही आणि बसलं की वरून झाकायचं. तसं केलं आणि दात धरला. नेमके त्याच वेळी शेठ एका मोठ्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत आत आले. मशीनच्या जबड्यात माणसाची दाढ. गिऱ्हाइकाने शेठकडे पाहिलं. मग शेठ म्हणाले, "आमच्याकडे क्वालिटी कंट्रोल फार कडक आहे."

आयला तयार करणं या सगळ्याहून अवघड. तिने तीन अटी घातल्या. दात काढायचा नाही, घुर्रघुर्र करणारं मशीन लावायचं नाही, आणि हे एकदाच, पुन्हा बोलवायचं नाही. एका सकाळी दादा तिला स्कूटरवर मागे बसवून शीळफाट्यावरून मानपाडा रोडने डोंबिवलीला घेऊन आले. मांडीवर टोपली, टोपलीत डॉक्टरांसाठी सोडे. डॉक्टरांनी दात साफ केले, कापूस लावला, सिमेंट कालवलं, चकाकी असतानाच खाचांत भरलं आणि वर व्हॅसलिन लावलं. उद्यापर्यंत मिश्री नको, असं बजावून सांगितलं. आयने मान हलवली. सगळं सुरेख झालं.

मग दादा स्कूटर काढायला गेले, आणि मी आयला घेऊन फाटकाशी उभा राहिलो. तोंडात ते आंबूस आणि चिकट काहीतरी, तिला कसंतरी होत होतं. तिने कमरेची डबी काढली, चिमूटभर मिश्री बोटावर घेतली आणि तोंड बरं वाटावं म्हणून खसाखसा घासली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मी काय करत होतो? मी टोपली सांभाळत होतो. सोड्यांचा माझ्या शर्टाला वास लागेल का, याचा विचार करत होतो.

घरी पोचेपर्यंत दोन्ही खाचा रिकाम्या. आय एवढंच म्हणाली, "एकदा बोलले व्हते. जालं एकदा."

मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, तुझी काय चूक, सील केल्यावर पाकीट उघडं ठेवलं ही माझी चूक. आणि बोलता बोलता थांबले. बाजूच्या टेबलावर शेजारच्या कारखान्याचं काम पडलं होतं, पुठ्ठ्यावर पाने ठेवून वरून आयोनोमरची तापवलेली फिल्म हवा ओढून बसवायची. फिल्म पान्याला कातडीसारखी घट्ट बसते, प्रत्येक खाचेत, प्रत्येक कडेला. दादा एका पान्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "स्टोअर, पाना काय आणि दात काय."

टिपणीस डॉक्टरांनी आधी कानांवर हात ठेवले, मग फिल्म खाण्याच्या वस्तूंना चालते याची कागदपत्रं मागितली आणि मग त्यांनाही चेव आला. दातांचा साचा घेऊन प्लॅस्टरचे दात करायचे, त्यांवर फिल्म बसवून पारदर्शक टोपी करायची आणि भरलेले दात दिवसभर तिच्याखाली ठेवायचे. ना थुंकी, ना मिश्री. सगळं जमलं होतं, फक्त आय नव्हती. ती खुर्चीचं नावही काढू देईना.

दादांनी तिला समजावलं नाही. रविवारी ओटीवर तिच्यासमोर बसले, ढिगातलं वरचं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि गाठी मारायला लागले. प्रत्येक गाठीला हात सोडून कात्री घ्यायची, धागा कापायचा, गाठ ढिली. मी शेजारी पाहुणा म्हणून बसलो होतो, मलाही दिसत होतं की हे जाळं नाही, ही झोळी होतेय. आयने पहिली दहा मिनिटं तोंड फिरवलं. मग बघायला लागली. मग पुटपुटायला लागली. तासाभराने तिने ते जाळं त्यांच्या पायातून ओढून घेतलं.

"सोर. बापाचं नाव बुरवशील. चल तुज्या त्या दातांच्या बायकरं."

या खेपेला पाच मिनिटं आय एक शब्द बोलली नाही, हे तिच्या आयुष्यातलं सर्वात मोठं मौन. डॉक्टर कालवत होत्या आणि दादा दाराशी उभे राहून चकाकीकडे बघत होते. सिमेंट बसलं, वर रोगण लागलं आणि टोपी दातांवर अलगद बसली. आयने आरशात पाहिलं. टोपी दिव्यात चमकत होती.

"सुक्या बोंबलासारी प्याक केली रं मना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टोपी निघाली. डॉक्टरांनी टोकदार सळईने खाचा चाचपून पाहिल्या, एकदा, दोनदा, आणि मग दादांकडे पाहून मान हलवली. धागा मात्र तोडायचा नाही म्हणाल्या. आयने विचारलं, मग भरलं कनाला? बरीच घासाघीस होऊन एक महिना ठरला. मिश्रीवरही तह झाला, रोज एकदाच आणि हलक्या बोटाने. तो तह तिने किती पाळला हे फक्त आयला ठाऊक. महिनाभर दादांनी लॅबच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. तीस फुल्या झाल्यावर दुसऱ्या सकाळी ते थेट स्टोअरमध्ये आले आणि माझ्या हातावर नायलॉनचा बोटभर तुकडा ठेवला. एक टोक दाबून सपाट झालेलं. दाताने तोडलेलं. नेहमीचं वाक्य म्हणायचंही विसरले. दोघांनी चहा घेतला.

त्यानंतर नव्वदचं दशक आलं. कारखाना दुसरीकडे हलला, दादा त्याच्याबरोबर गेले नाहीत, मी दुसऱ्या नोकरीच्या दुसऱ्या स्टोअरमध्ये गेलो. माझ्या दातातलं सिमेंट बसल्यावर मात्र राहवेना. फोनवर दादांना दाताचं सांगितलं आणि परवाच्या रविवारी कोळीवाड्यात गेलो.

दादा ओटीवर बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळं, हातात गाठ. आय मागे भिंतीला टेकून, आता अगदी लहानशी झालेली, नव्वदीच्या पलीकडची. मला पाहून दादा हसले आणि मी चरकलो. पुढचे दात नव्हते. डॉक्टरांनी दिलेली ताकीद त्यांनी किती मनापासून पाळली असेल ते दिसतच होतं. कवळी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात होती, तिथून तिचं टोक दिसत होतं.

"काय रे श्टोअर," ते म्हणाले, "दात दुरुश्त करून आलाश म्हणे?"

मी आयोनोमर म्हणताच त्यांचे डोळे असे चमकले की मला पुन्हा ते चार दाणे ओंजळीत आल्यासारखे वाटले. किती वेळात कालवलं, चकाकी होती का, वरून काय लावलं, सगळं विचारलं. बोलताना हात थांबले नव्हते. गाठ आवळली, दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि मान न वळवता धागा मागे केला.

"आय, तोर गं जरा."

आय पुढे वाकली. टक.

तिने तोडलेला तुकडा तोंडातून काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. दादांनी त्याचं टोक उजेडात धरून नीट पाहिलं, मग उठून तो तुकडा खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात, कवळीशेजारी, ठेवून दिला आणि पुढची गाठ मारायला बसले.